हौसाबाईचा आग्रह

सापगावचा पूल ओलांडून मुरबाडच्या रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर डाव्या हाताला निळ्या पत्र्याची एक शेड लागते. आत चार बाकं आणि दोन पंखे, त्यातला एक फिरतो. हीच हौसाबाईची खानावळ. इथून जेवून उठलेला माणूस तडक चालता झाला, असं कधी कुणी पाहिलेलं नाही. तो आधी बाकाला टेकतो, कमरेचा पट्टा एक भोक सैल करतो आणि मग गाडीकडं जातो. कारण हौसाबाई नुसती वाढत नाही, ती जेवणाऱ्याच्या मागंच लागते.

तांदळाच्या भाकरींची टोपली कमरेवर घेऊन ती बाकांमधून फिरायची. कुणी ताटावर आडवा हात धरला की हाताच्या कडेनं, बोटांच्या फटीतून, कशीही पण भाकर सरकवायचीच. नको म्हणणाऱ्याचं तिनं कधी ऐकलं नाही, आणि ते ऐकायचं असतं हे तिला कुणी शिकवलंही नव्हतं. तिचं माहेर किन्हवलीकडचं. भातलावणीला आळीतली माणसं एकमेकांच्या शेतावर राबायची आणि ज्याचं शेत त्याच्या घरचं जेवण. हौसाची आई टोपली घेऊन बांधावर उभी राहायची आणि पोरीला सांगायची, "पहिला नको तोंडाचा, दुसरा लाजेचा, तिसरा पोटाचा. तिसरा येईस्तोवर हटायचं नाय." मागून घेणारा माणूस तिथं हावरट ठरायचा, आणि पहिल्या नकोवर टोपली मागं नेणारी बाई कंजूष. झालं, एवढंच शास्त्र. पंचावन्न वर्षं हौसाचं त्यावर बरं निभावलं.

नवरा धाऊ ट्रकवर होता. दोन-चार ड्रायव्हर रोज जेवायला घरी आणायचा. पुढं त्यांतलाच एक जण संकोचून ताटाखाली पैसे ठेवायला लागला आणि घरच्या जेवणाची खानावळ कधी झाली ते नवराबायकोला कळलंही नाही. धाऊ जाऊन आठ वर्षं झाली. मुलगा साईनाथ भिवंडीकडं गोदामात कामाला, पहाटे जायचा तो दिवेलागणीला यायचा. गिऱ्हाईक गेल्यावर हौसा भिंतीशी बोलायची. मग दोन वर्षांपूर्वी सून आली, पूजा, आटगावची, बी.कॉम. झालेली आणि बोलायला लागली की थांबायचं नाव नाही. सासूनं सुनेवर जीव टाकला असं हल्ली कानावर येत नाही, पण हौसानं टाकला. खोटं कशाला बोलायचं?

म्हणून श्रावणात साईनाथ जेव्हा म्हणाला, "आये, दोघी दिवसभर मरता आणि हातात काय ऱ्हातं? दिवाळीपर्यंत बघू, नायतर कल्याणला खोली घेऊ. पूजाला तिथं नोकरी मिळंल," तेव्हा हौसा हातातलं काम टाकून खाली बसली. खानावळ गेली तरी चालेल, पण पूजा जायला नको. पुन्हा भिंतीशी बोलायची तिची तयारी नव्हती.

"मला पण नाय जायचं, आई," पूजा म्हणाली. "पण जरा माझं ऐका."

पूजानं तीन दिवस नुसतं बसून पाहिलं आणि मग सासूला समोर बसवलं. "थाळीत भाकरी दोन, पण एकेक जण खातो चार-पाच. वर कांदा, लिंबू, पापड, रस्सा लागेल तेवढा. पिठाला पैसे पडतात, गॅसला पडतात. आपण लोकांना जेवायला घालतो आणि वर दक्षिणा देतो."

हौसाला ते पटलं. मग तिनं तिच्या परीनं तोड काढली. "थाळीचेच पंधरा-वीस वाढव. बाकीचं चालू दे की फुकट."

"म्हणजे शाळेतल्या बाई एक भाकर खातात, त्यांनी डंपरवाल्याच्या पाच भाकरींचे पैसे भरायचे?"

हौसाला तेही पटलं. हीच तर पंचाईत होती. पूजा बोलली की पूजाचं खरं वाटायचं, आणि टोपली हातात घेतली की आईचं. दोघींचं एकाच वेळी खरं कसं असेल, हे काही तिच्या डोक्यात बसेना.

पाटी लागली. ज्यादा भाकर पंधरा रुपये, कांदा-लिंबू दहा, पापड दहा, रस्सा वीस. खाली मोठ्या अक्षरात: पाणी फुकट. हौसानं साईनाथकडून ती दोनदा वाचून घेतली.

"पाणी फुकट कशाला लिवलंय? पाण्याचा भाव करायचं कुनाच्या मनात होतं?"

"तसं नाय, आये. लोकांना बरं वाटतं वाचून."

लोकांना बरं वाटलं की नाही देव जाणे, हौसाला वाईट वाटलं. पण पूजासाठी ती गप्प बसली.

पहिले दोन दिवस कसेबसे गेले. पूजा पैसे घ्यायला गल्ल्यावर आणि हौसा टोपली घेऊन बाकांमध्ये. आता पाटी लागली म्हणून हात थोडाच बदलतो? तिसऱ्या दिवशी बियाण्याच्या कंपनीचा एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. दोन भाकरी संपवून त्यानं ताटावर हात धरला आणि म्हणाला, "नको, मावशी." हौसानं एक सरकवली. तो म्हणाला, "खरंच नको." तिनं आणखी एक टाकली आणि वर चिरलेला कांदा ठेवला. पोरगं उन्हातान्हाचं फिरतंय, खाऊ दे. त्यानं मुकाट्यानं सगळं खाल्लं.

गल्ल्यावर पूजानं थाळी, दोन ज्यादा भाकरी आणि कांदा धरून आकडा सांगितला. माणूस हसला. "ताई, भाकरी मी मागितल्याच नाहीत. मी दोनदा नको म्हणालो, तरी मावशींनी टाकल्या. आधी आग्रह आणि मग बिल. युक्ती चांगली आहे."

तो चिडला असता तर हौसानं त्याला चार शब्द सुनावले असते, तिची जीभ काही कमी नाही. पण हसणाऱ्या माणसाला काय बोलणार? पूजानं ज्यादाचे पैसे वजा केले, माणूस थँक्यू म्हणून गेला आणि हौसा मोरीपाशी हात धूत उभी राहिली. धुतलेलेच हात पुन्हा धूत होती. जन्मात तिला कुणी लबाड म्हटलं नव्हतं. आईनं बांधावर शिकवलेल्या गोष्टीला आज एक परका माणूस युक्ती म्हणून गेला, आणि पाटीकडं पाहिलं की त्याचंही चुकलं असं म्हणवेना.

"आई, आता न विचारता वाढू नका हो," पूजा हळूच म्हणाली. "मागितलं तरच द्यायचं."

"मागंल कसा मानूस? तोंडानं कोन मागतं?"

"मागतील. सगळीकडं मागतात."

दुसऱ्या दिवसापासून हौसा टोपली घेऊन चुलीपाशीच उभी राहायला लागली. लखमा गवंडी जेवायला आला. हे वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक, धाऊच्या वेळचं. दोन भाकरी संपल्यावर त्यानं नेहमीसारखा ताटावर हात धरला आणि तोंडानं नको नको सुरू केलं. समोर कुणीच नव्हतं. तो थोडा वेळ तसाच बसला, मग त्यानं स्वतःच्या हाताकडं पाहिलं आणि हळूच तो काढून घेतला.

"बरं नाय का गो तुला, हौसे?" जाताना त्यानं विचारलं.

"बरी हाय मी."

"मग माझं काय चुकलं?"

आता याला काय सांगायचं? हौसानं पाटीकडं बोट दाखवलं. लखमाला वाचता येत नव्हतं. त्यानं पाटीला मान डोलावली आणि गेला. चार दिवसांनी आला तेव्हा कुणीतरी त्याला सांगितलेलं असावं, कारण दोन भाकरी संपल्यावर तो खाली मान घालून पुटपुटला, "एक दे, पैसे देतो." हौसानं भाकर दिली, पण त्याच्या तोंडाकडं तिला बघवलं नाही. तिलाच चोरट्यासारखं झालं.

बरं, सगळेच हिरमुसले म्हणावं तर तसंही नव्हतं. मुरबाड गाडीचा ड्रायव्हर तर तिला दुवा देऊन गेला. "मावशी, बरं केलंत. चार भाकरी खाऊन स्टेअरिंगवर डोळे मिटायचे माझे. तुमचं मन मोडायला नको म्हणून खायचो."

"किती दिवस?"

"झाली की तीन वर्षं."

हौसानं टोपली खाली ठेवली. शाळेतल्या बाईंनीही तेच सांगितलं. पूर्वी त्या उरलेली भाकर रुमालात लपवून न्यायच्या आणि रस्त्यात कुत्र्याला घालायच्या, आता सुखानं जेवतात. आणि उष्टं न्यायला येणारा भिमा मोकळी बादली हलवून कुरकुरला, "तुमच्याकडं आता म्हशीला काय ऱ्हात नाय."

"म्हंजे मी इतकी वरसं म्हैस पोसत होते?" हौसानं पूजाला विचारलं. "मानसांना जेवायला घालत होते का छळत होते?"

पूजा पोट धरून हसली. हौसा हसली नाही, ती खरंच विचारत होती. लखमाच्या वेळी वाटायचं, आपण पाप करतोय. ड्रायव्हरच्या वेळी वाटायचं, पाप तर आधीच करून बसलोय. कुणाच्या 'नको'चा अर्थ 'नको' होता आणि कुणाच्या 'नको'चा 'वाढ', हे वीस वर्षं तिला नुसतं चेहऱ्यावरून कळत होतं. निदान कळतंय असं वाटत होतं. आता त्या वीस वर्षांतला एकेक चेहरा आठवून ती रात्रंदिवस तपासायला लागली आणि एकाचाही भरवसा वाटेना.

धंदा मात्र सुधारला. गिऱ्हाईक तुटलं नाही, उलट दोन-चार वाढली. पूजा म्हणाली ते खरं निघालं, लोक मागायला शिकले. "मावशी, एक भाकर," "मावशी, कांदा," असे आवाज यायचे आणि हौसा तेवढंच नेऊन ठेवायची, ना एक जास्त, ना शब्द जास्त. लोकांच्या अंगवळणी पडलं. हळूहळू तिच्याही पडलं.

दसऱ्यानंतर एका रविवारी साईनाथनं सकाळीच सांगून टाकलं, "खोलीचं रद्द केलं मी. कल्याणवाल्याला फोन करून नाय म्हणलो. इथंच ऱ्हायचं." हौसानं तोंडावर पदर घेतला आणि आत जाऊन रडली. पूजा गल्ल्यावर दिवसभर गुणगुणत होती. हौसानं तिच्या आवडीचा सुकट घातलेला वांग्याचा रस्सा मुद्दाम वेगळा काढून झाकून ठेवला.

तीनच्या सुमाराला शेड रिकामी झाली. साईनाथ सिलिंडर आणायला शहापूरला गेला होता. दोघी जेवायला बसल्या. दिवसभराची धावपळ, पूजाच्या दोन भाकरी बघता बघता संपल्या. हौसा उठली, टोपली घेऊन आली.

पूजानं ताटावर हात धरला. "नको, आई."

हौसाचा हात थांबला. तिनं टोपलीवर फडकं ओढलं आणि ती बाजूला ठेवून दिली.

पूजाचा हात ताटावर तसाच होता. रस्सा अजून अर्धी वाटी शिल्लक होता. तिनं सासूकडं पाहिलं, टोपलीकडं पाहिलं. मग हात काढला आणि बोटानं ताटातला रस्सा पुसून चाटला.

"आई, माझ्यावर राग आहे का तुमचा?"

"नाय गो. तुझ्यावर कसला राग?"

"मग वाढलं का नाही?"

"तू नको म्हणलीस."

पूजा रिकाम्या ताटात बोट फिरवत राहिली. हौसानं टोपली पुन्हा जवळ ओढली आणि एक भाकर हातात घेतली. घेतली आणि घोटाळली. पोरीचा हा नको कुठला? लखमाचा का ड्रायव्हरचा? की दोन वर्षं ही पण मन मोडायला नको म्हणूनच खात आली? तिनं पूजाच्या चेहऱ्याकडं निरखून पाहिलं. पूर्वी जे चटकन कळायचं, त्यातलं काहीच कळेना. मग तिनं जो प्रश्न जन्मात कुणा जेवणाऱ्याला विचारला नव्हता, तो विचारला.

"खरं सांग, भूक हाय का तुला?"

पूजानं मान खाली घातली. मागितलं तरच द्यायचं, असा नियम तिनंच तर केला होता. पण सासूसमोर "हो, भूक आहे" म्हणायला तिचं तोंड उघडेना.

हौसा भाकर हातात धरून बसून राहिली. पोरगी जायला नको म्हणून तिनं सगळं सोसलं होतं, आणि पोरगी राहिली होती, समोरच बसली होती. पण तिच्या ताटात भाकर टाकायचा हौसाला धीर होईना.