बाभळीवरचा जीव आणि पेन्सिलचं लेबल

शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणून अल्कोहोलमध्ये नमुना ठेवलेल्या कुपीतलं लेबल पेन्सिलनंच लिहायचं, हे मला माझ्या गाईड सरांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं. पीएचडीची चार वर्षं मी त्यांच्या हाताखाली झाडांच्या सालींतले बारीक जीव शोधत फिरले. त्यातला एक अगदी नवा निघाला. दिसायला विंचवासारखा, पण नांगी नसलेला आणि तिळाएवढा. आमच्या गावी, पिंपळगाव राजाला, आमच्याच शेताच्या धुऱ्यावरच्या बाभळीवर सापडला तो. मी खोडावर काठी मारत होते आणि आई खाली पांढरी चादर धरून उभी होती. "एवढुशा किड्यासाठी मले उन्हात उभं केलं तुनं," म्हणत हसत होती.

पेपर पाठवायच्या आदल्या दिवशी सरांनी कोरे कागद माझ्यापुढे सरकवले. "लेबलं पुन्हा लिही, तुझं अक्षर सुबक आहे. शोधणारा म्हणून माझ्या पुतण्याचं नाव टाक. त्याला नोकरीसाठी लागतंय. तुला काय, तू अजून दहा शोधशील."

पुतण्यानं आमची बाभूळ पाहिलीसुद्धा नव्हती. ज्यांना मी बापाच्या जागी मानलं, त्यांनी माझी चार वर्षं चहा मागावा तशी मागितली. संध्याकाळपर्यंत सगळ्या कुप्यांत पुतण्याच्या नावाची लेबलं गेली.

घरी येऊन मी आईपुढे सरांचा उद्धार केला. लबाड म्हटलं, चोर म्हटलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"त्यानं सांगतलं, हाव," ती म्हणाली. "पण लिहिलं कोनं?"