सांजचो आकडो

कुणकेश्वरच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव शेवंती पुकारते, तीस वर्षं झाली. पाटी समोर आली की आधी ती ताडपत्रीवर पालथी करायची, तळाचे बांगडे वर आणायचे आणि मगच तोंड उघडायचं, ही तिची रीत. एकदा सख्ख्या दिराच्या पाटीत वर लखलखीत आणि तळाला मऊ पडलेली मासळी निघाली. तिने भर बाजारात त्याचे वाभाडे काढले. दीर वर्षभर बोलला नाही, पण देवगडचे व्यापारी तेव्हापासून मासळीला हात लावून बघेनासे झाले. शेवंती म्हणाली ताजी, म्हणजे ताजी.

ब्रॉडबँडवाल्या कौस्तुभचा डोळा तिच्या ह्या शब्दावरच होता.

गेल्या दिवाळीनंतर तो तिच्या ओट्यावर आला, भर दुपारी. गावातली पहिली जोडणी तिच्या घरी केली आणि मोबाइलवर वेग मोजून दाखवला. काटा पंच्याण्णववर.

“सांजचोपण इतकोच?” तिने विचारलं.

“चोवीस तास, काकी. शंभरपर्यंत जातलो.”

जन्मभर पाट्या पालथ्या केल्या तिने, पण तारेत पालथं करण्यासारखं काय असतं ते तिला सुचलं नाही. दुपारचं बघितलं, त्यावर संध्याकाळची ग्वाही दिली. लिलावात सांगून मोकळी झाली, “घेवा रे, मियां बघलंय.” चाळीस घरांनी घेतलं.

संध्याकाळचे सहा वाजले की त्या चाळीस घरांत चित्र थिजायचं. शेजारच्या यशोदेची मुलगी भक्ती घरून पुण्यातल्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवायची, सात ते नऊ. पडद्यावर तिचं तोंड उघडं ते उघडंच राहायचं. पालकांनी तक्रारी केल्या आणि तिचा वर्ग दुसऱ्या शिक्षिकेकडे गेला.

यशोदा लिलावात सगळ्यांदेखत म्हणाली, “शेवंते, ही पाटी पालथी करूक बरी इसारलंस गो! कमिशन गावला मां?”

काहीजण हसले. जे हसले नाहीत त्यांचं तिला जास्त लागलं. आणि तिने ‘ताजी’ म्हटल्यावर परशुराम व्यापारी, वीस वर्षांत पहिल्यांदा, खाली वाकला आणि सुरमईचे कल्ले उघडून बघायला लागला.

दुसऱ्या दिवशी ती देवगडला, कंपनीच्या ऑफिसात. टेबलामागच्या कौस्तुभची भाषा एकदम इस्त्रीची.

“मावशी, तुमचा गैरसमज झालाय. शंभर हा कमाल वेग आहे. संध्याकाळी गर्दी असते, तेव्हा कंपनी वेग जरा आवरते. सगळ्यांना वापरता यावं म्हणून. फॉर्मच्या मागे लिहिलंय.”

“ओट्यार काकी, हय मावशी? वाच.”

मागे सगळं इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढं. वाचायला त्यालाच कागद डोळ्यांपाशी न्यावा लागला.

“गर्दी माका कळता रे,” शेवंती म्हणाली. “धा होडये एकदम इले तर कोणाक तरी थांबाचाच लागतला. थांबवा. पण कधी थांबवतास, किती थांबवतास, ह्या घेवच्या आदी सांगूचा नाय? मियां तुका सरळ इचारलेलंय. तू काय सांगलस?”

त्याने कागद टेबलावर पालथा घातला.

“तुका ठावक होता?”

“मावशी, ट्रेनिंगमध्ये आम्हाला…”

“ठावक होता काय नाय?”

“होतं.”

“मेल्या! माझ्या ओट्यार बसान, माझो चाय पिवन!” रांगेतली माणसं आत डोकवायला लागली. “आता सांजचो आकडो लिवन दी. मराठीत. सय-शिक्क्यान.”

“तसा आकडा लेखी देता येत नाही.”

“आकडोच नाय, काय आसान देनत नाय?”

त्याची नजर क्षणभर समोरच्या कॉम्प्युटरवर गेली आणि परत आली. तिला तेवढं पुरलं. व्यापाऱ्यांची नजर ओळखण्यातच तिचा जन्म गेला होता.

त्या सांजेला तिने लिलाव थांबवला. “आयकात! मी फसलंय आणि तुमका फसयलंय. कमिशन घेवक नाय, पण चूक माझी.” मग भक्तीला घरी जाऊन वेग मोजायला सांगितला. लिलावाच्या शेडवर कंपनीचं भलंमोठं बॅनर होतं, ‘शंभरपर्यंत सुसाट!’ होडीचा काळा रंग घेऊन तिने त्याच्यावरच लिहिलं: आज सांजचे सात, वेग सहा. दुसऱ्या दिवशी आठ. तिसऱ्या दिवशी पुन्हा सहा.

चौथ्या दिवशी कौस्तुभचा फोन. “मावशी, बॅनर खराब करू नका. मला वरून फोन येतायत.”

“आकडो खोटो आसा? तसा सांग, आत्ता पुसतंय.”

“तसं नाही…”

“मगे कंपनीन छापूचो. दुपारचो, सांजचो, दोनय. आणि घेवच्या आदी हातात देवचो. छापलास की पुसतंय.”

“ता माझ्या हातात नाय गो, काकी.”

“माझ्या हातात ब्रश आसा,” म्हणून तिने फोन कापला.

भक्तीने मोजून सांगितलं, आज पाच. शेवंतीने तो आकडा कालच्याखाली इतका दाबून ओढला, की बॅनर फाटलं.