सात नंबरचं टेबल

संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या माणसाला एक खोड असते. आकडे हातात आले की माणसं बघायची गरज नाही, असं त्याला वाटतं. मला तर ते जरा जास्तच वाटायचं.

चौऱ्याण्णव साली मी चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीत लागले. कंपनी इंजेक्शनं बनवायची. भरलेली प्रत्येक इवलीशी बाटली दिव्यासमोर धरायची, आधी काळ्या आणि मग पांढऱ्या फळीपुढे फिरवायची आणि आत काचेचा कण किंवा धागा तरंगतो का ते बघायचं, हे काम बारा बायका करत. सात नंबरच्या टेबलावर दगडाबाई असत. पन्नाशी उलटलेली, नऊवारीवर कंपनीचा पांढरा अ‍ॅप्रन, बोलणं मोजकं. करमाडहून रोज एसटीनं येत आणि सतरा वर्षं त्याच खुर्चीवर बसत.

त्या वर्षी फेकाव्या लागणाऱ्या बाटल्या वाढल्या. आमचे विभागप्रमुख अनंतराव म्हणाले, "पद्मजा, तुझा तो कॉम्प्युटर लाव कामाला. गडबड कुठे आहे ते शोध."

हे काम म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. सहा महिन्यांच्या तपासणीच्या चिठ्ठ्या मी कॉम्प्युटरमध्ये भरल्या आणि टेबलवार सरासरी काढली. अकरा टेबलं शंभरात दोन बाटल्या बाद करत होती, सात नंबर सहा. आलेख इतका देखणा आला की मी तो भिंतीवर लावला. आणि उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं अहवालात लिहून टाकलं की दोष मालात नाही, सात नंबरच्या नजरेत आहे. वयामुळे तिथे चांगल्या बाटल्याही बाद होतात. कंपनीच्या डॉक्टरांनी जानेवारीतच चष्म्यातून दगडाबाईंना उत्तम दिसत असल्याचं लिहून दिलं होतं. तो कागद माझ्याच फायलीत होता, पण जुना म्हणून मी तो बाजूला सारला. तपासणीच्या खोलीत तर मी अर्धा तासही बसले नव्हते.

दगडाबाईंना खोकी चिकटवायला पाठवलं. सांगायची कामगिरी माझ्यावरच आली.

"तुमच्या कागदात आलं म्हंजी तसंच आसंल, बाई," त्या म्हणाल्या. "सोताची नजर गेलेली माणसाला कुठं कळती?"

त्या भांडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी चष्मा पुसून डबीत ठेवला आणि खोक्यांच्या विभागाकडे निघून गेल्या. फेकण्याचं प्रमाण लगेच खाली आलं. अनंतरावांनी सगळ्या विभागाला चहा पाजला, मला दोनदा.

दोन महिन्यांनी राखून ठेवलेले नमुने पुन्हा तपासले, तर पास झालेल्या बाटल्यांत काचेचे कण निघाले. नशीब, तो माल अजून गोदामातच होता. मी पुन्हा चिठ्ठ्या काढल्या, आणि या वेळी त्यांच्याकडे बघून काहीच सुचेना. मग मुकाट्यानं एक स्टूल घेऊन तपासणीच्या खोलीत जाऊन बसले.

दुपारी चार नंबरच्या भागूबाईंनी एक बाटली दिव्यापुढे तीनदा फिरवली. ती घेऊन त्या उठल्या, सात नंबरच्या रिकाम्या टेबलापर्यंत गेल्या, थबकल्या, परत आल्या आणि बाटली चांगल्यांत ठेवून दिली.

"हे काय केलंत?" मी विचारलं.

भागूबाई म्हणाल्या, "शंका आली की ती बाटली दगडाबाईकडं न्यायची, आसं लई वर्साचं चाललंय. त्यांनी टाकली तर टाकायची. आता कुणाला इचारावं? नुसत्या शंकेवर फेकली तर साहेब रागावत्यात."

"मग मला आधी का नाही सांगितलं?"

"जिची बाटली तिनंच ठरवायची, आसा नियम हाय. म्हणून गप ऱ्हायलो. आन् तुमी इचारलंबी नाय."

मला स्वतःची लाज वाटली. अकरा टेबलांवरच्या संशयाच्या बाटल्या सातव्या टेबलावर जात होत्या आणि बाद झाल्या की त्याच टेबलाच्या चिठ्ठीवर चढत होत्या. गावातले सगळे आजारी एकाच डॉक्टरकडे जात असतील, तर त्याच्या दाराशी आजारी जास्त दिसणारच. मी त्या डॉक्टरलाच साथीचं कारण ठरवलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती.

अनंतरावांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आकड्यांनी बिघडवलंस, आता आकड्यांनीच सिद्ध कर." मी दोनशे बाटल्या निवडल्या, त्यात वीस खात्रीनं खराब, आणि बुडाला मलाच कळतील अशा खुणा केल्या. बारा जणींची परीक्षा ठरली. दगडाबाई काही येईनात.

"कशाला हसं करून घ्यायचं, बाई? खोकी बरी हायेत."

"माझ्यासाठी या," मी म्हणाले, आणि ते खरंच होतं.

बाकीच्यांना वीसपैकी तेरा, चौदा, फार तर पंधरा खराब बाटल्या सापडल्या. दगडाबाईंना एकोणीस सापडल्या, आणि चांगली बाटली त्यांनी एकही बाद केली नाही. मी सगळ्यांसमोर त्यांच्यापाशी गेले. "तुमची नजर उत्तम आहे, दगडाबाई. अहवाल माझा चुकला. उद्यापासून तुमची खुर्ची तुमचीच."

खुर्चीचं त्यांनी ऐकलंच नसावं. "नजर नक्की चांगली हाय ना?" त्यांनी विचारलं.

"नक्की."

त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "घरी नात झालीया, सव्वा म्हयन्याची. नखं वाढल्यात तिची, गालाला वरखडून घेती. सून म्हणती, आत्याबाई, तुमी काढा. आन् मी हातच लावीत नाय. नजर गेली म्हणलं, लेकराचं बोट कापलं तर?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आज जाऊन काढू का?"

"आजच काढा," मी म्हणाले, आणि त्यांना करमाडची लवकरची एसटी मिळावी म्हणून अनंतरावांना सांगायला गेले.