बांधावरची नागली

जुन्या बंडीच्या खिशात आज नागलीचे दाणे हाताला लागले आणि पाखरं मोजणाऱ्या बाईचा तो दिवस आठवून डोकं परत तापलं. पाखरं घरटी बांधतात त्या दिवसांत ती दर साली नाशिकहून आमच्या पेठच्या शिवारात येते, ठरल्या बांधांवर उभी राहते आणि दिसतील तेवढ्या चिमण्या, होले, सुगरणी लिहून नेते. एका साली शेजाऱ्याच्या बांधावर जास्त पाखरं भरली आणि तो गावभर मिशीला पीळ देत फिरला. मला ते कसं खपावं? पुढच्या खेपेला ती यायच्या आधीच मी माझ्या बांधावर नागली फेकली. बांध पाखरांनी झाकून गेला. बाईनं दाणे बघितले आणि पेन खिशात घातला. "बाबा, मोजणी वाया घालवलीत. पाखरं वाढतात का घटतात, ते मला आहे तसं बघायचंय." मी म्हटलं, "पाव्हणं येणार म्हटल्यावर चूल थंड ठेवायची का?" ती कपाळाला हात लावून हसली, पण लिहिलं काहीच नाही. आता ती येते त्या सकाळी मी हात बांधून उभा राहतो. बांध ओकाबोका, आणि ती तसंच लिहून निघते. ती वळणाआड गेली की मग मी मूठभर फेकतो, आणि लेकाची सगळी तेव्हा उतरतात.