दोन धुऱ्यांमधली जागा

आमच्या कोहमाऱ्याकडे भावाभावांत शेत वाटायचं झालं, की सरकारी मोजणीच्या आधी दोराने शेत मोजणाऱ्या गावातल्या एका काकांना बोलावतात. खांद्यावर दोराचं वेटोळं आणि पाय अनवाणी. धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, उतरण्याआधी ते एकच विचारतात, "पोट्टे किती तुले?" उत्तर ऐकून नुसतं "हं" करतात. मला त्या "हं"ची भीती वाटते.

आजोबांची मोठी बांधी या काकांनीच आधी वडील-चुलत्यांत वाटली, मग आम्हा सहा सख्ख्या-चुलत भावांत. दर वाटणीला मातीचा नवा धुरा, म्हणजे बांध, पडतो, आणि तो धुरा धानाचीच जागा खातो.

यंदा थोरल्या भावाने त्याच्या तीन मुलांसाठी बोलावलं. काकांनी दोर धरून खुंट्या ठोकल्या. मग धुरा आणि पहिली खुंटी यांच्यामध्ये ते चक्क उताणे झाले. डोकं धुऱ्याला टेकलं, टाचा खुंटीला.

"कायले निजून राहिले, काका?" भावाने विचारलं.

"मोजून राहिलो. मी मावतो अजून," ते आभाळाकडे बघत म्हणाले. "या तिघायच्या पोट्ट्यायले पाय मुडपा लागन."