एक झाकण जास्त

सुजाता मॅडम कुणाच्याही शेतात शिरून सोयाबीनचं रोप उपटायच्या. मालक बांधावरून ओरडतोय आणि या आपल्या मुळाची माती झटकून त्यावरच्या बारक्या गाठी नखाने फोडून बघताहेत. गाठ आतून लालसर निघाली की चेहरा खुलायचा. "जिवाणूंची वस्ती आहे ही, सर. हवेतलं नत्र पिकाला पुरवतात. लाल म्हणजे कामावर हजर." मी कॉलेजात मराठी शिकवायचो, त्या जीवशास्त्र. तरी त्यांच्या गावी, महाळुंगे पडवळला जायचं तर मोटारसायकल माझीच लागायची, आणि मालकाच्या निम्म्या शिव्याही माझ्याच वाट्याला यायच्या.

गावातल्या बैठकांत त्यांचं एकच पालुपद. "तणनाशक मारलंत की या गाठी गेल्याच. खुरपा." लोक मान डोलवायचे आणि घरी जाऊन फवारणीचे पंप भरायचे. खुरपायला बायका मिळत नाहीत, पावसाने उघडीप दिली नाही तर गवत पिकाच्या डोक्यावर जातं; त्यांचंही काही खोटं नव्हतं. एकदा गेनुबाबा नावाच्या म्हाताऱ्याने विचारलं, "बाई, तुमी सवता करून बघितलंय का?" परतताना मंचर आल्यावर मॅडम मागून म्हणाल्या, "बरोबर विचारलं त्यांनी. मी पुस्तकातलं सांगतेय."

ते त्यांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष. धाकटा भाऊ मिलिंद, त्याच्या रानात त्यांनी पट्टे पाडले. एक खुरपायचा, एक बैलाच्या कोळप्याने कोळपायचा, एकावर तणनाशक, तेही डब्यावर लिहिलंय तेवढंच. फुलोऱ्यात रोपं उपटली, तर तणनाशकाच्या पट्ट्यात गाठी मोजक्या, त्याही आतून फिक्या. मी खूश. आता बोला म्हणावं गेनुबाबांना. बैठक बोलावली, लोक जमायला लागले, आणि चहा देता देता मिलिंद कौतुकाने म्हणाला, "ताई, तुझं काम म्हणून औषध एक झाकण जास्तच टाकलं व्हतं मी. गवत ऱ्हायला नको."

आमच्याकडे दूध मोजा नाहीतर शेंगा, वर थोडं टाकल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. औषधालाही तोच हिशोब. मी हळूच म्हणालो, "मॅडम, निकाल तर तुमच्याच बाजूचा आहे. लोकांना कशाला सांगता?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की कॉपी करताना सापडलेल्या पोराचं काय होत असेल ते मला कळलं. भावाला मात्र एवढंच म्हणाल्या, "येड्या, सांगितलंस ते बरं केलंस."

मग उभ्या राहिल्या. "औषध जास्त पडलंय. यावरून काही सिद्ध होत नाही. पुढच्या खरिपात परत करते, तेव्हा या." कुणीतरी फिदीफिदी हसलं. मला त्या हसणाऱ्याचा भयंकर राग आला. मॅडम शांतपणे चहा प्यायल्या.

पुढच्या वर्षी मॅडमना छातीचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी उन्हात जायला बंदी केली होती. "डॉक्टरांना सोयाबीन कधी पेरतात ते ठाऊक नाही," म्हणत त्या रानात हजर. औषध स्वतः मोजलं. या खेपेला खुरपलेल्या पट्ट्यात गाठी सरस निघाल्या खऱ्या, पण तणनाशकाच्या पट्ट्यातही होत्या. थोड्या कमी, पण लाल. बैठकीत त्यांनी ते जसंच्या तसं सांगितलं.

गेनुबाबा म्हणाले, "म्हंजी इतकी वर्षं तुमी चुकीचं सांगत व्हता?"

"अर्धं चुकीचं. प्रमाणात मारलं तर गाठी राहतात, हे मला माहीत नव्हतं. दरवर्षी मारत गेलं तर राहतील का, हे अजून माहीत नाही. त्याच पट्ट्यांवर परत पेरणार."

म्हातारा उठून उभा राहिला. मग म्हणाला, "मग माजं बी रान घ्या."

माघात मॅडम गेल्या. फार एकटं वाटलं मला, अजूनही वाटतं. जूनमध्ये मिलिंदचा फोन आला. "सर, वापसा आलाय, रान पेरणीजोगं झालंय. कधी येताय?"

"अरे, मला त्यातलं काय कळतं?"

"मलाबी न्हाई कळत. पन ताईनं लोकांना सांगितलंय ना, परत पेरणार म्हनून."

मी गेलो. आधी त्याचे पट्टे पेरले, मग गेनुबाबांचे.