पैगंबराची खुर्ची

शेजारच्या रूबेनभाऊंकडं, म्हणजे बेने इस्रायली ज्यू मंडळींकडं, बारा वर्षांनी नातू झाला. सुंतेला मी झबलं घेऊन गेलो. शाळेत कधी बाकावर बसलो नाही, म्हणून मोकळी खुर्ची दिसली की मला राहवत नाही. गादीवाली दिसली, टेकलो.

रूबेनकाकूंचा चेहरा उतरला. "उठा हो भाऊ. ती एलियाहू पैगंबराची. तो येऊन बसला तर पोराला आयुष्य मिळतं. सकाळपासून कुणी शिवलं नाही तिला."

आम्ही कावळ्याची वाट बघतो, हे पैगंबराची. न दिसणाऱ्यासाठी जागा सगळेच ठेवतात, बसणारा गाढव मी एकटाच.

"पण काकू, मी टेकलो तेव्हा गादी गरम होती."

काकूंनी डोक्यावर पदर घेतला. "बाळाला आणा," म्हणाल्या.

पोह्यांचा गोड मलिदा मी उभ्यानंच खाल्ला. कुणाच्या मांडीवर बसून आलो, या विचारानं कुठं टेकवेना.